स्कॉटलंडचे ‘चांगले शेजारी’: फेअरींवरच्या लोकश्रद्धेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडच्या फेअरी म्हणजे आपल्या गोष्टींतल्या पऱ्याच ना?

नाही. पाठीवर पंख, हातात कांडी, फुलाच्या पाकळीवर बसलेली बोटभर मुलगी हे सगळं बरंच उशिराचं. रंगभूमी, चित्रकार आणि मुलांची पुस्तकं यांनी ते रुजवलं. हे रूप घराघरांत नेणाऱ्या ‘पीटर पॅन’ (1904) नाटकाचे लेखक जे. एम. बॅरी स्वतः स्कॉटलंडमधल्या किरीम्यूरचे होते, हा भाग वेगळा.

जुन्या नोंदींतले फेअरी माणसाएवढे, फार तर थोडे बुटके असतात. त्यांच्यात पुरुष असतात, बायका असतात, राणी असते, दरबार असतो. ते गाई पाळतात, भाकऱ्या भाजतात, लग्नं लावतात, मयताला जातात, आपापसांत भांडतात. पीठ संपलं तर माणसांच्या दारात उसनं मागायला येतात, आणि बहुतेक कथांत ते प्रामाणिकपणे परतही करतात. थोडक्यात, आपल्या गावाच्या खाली आणखी एक गाव आहे आणि त्या गावाशी जपून वागायचं असतं, अशी ही कल्पना आहे.

ते राहायचे कुठे?

टेकडीत. टेकडीवर नव्हे, टेकडीच्या पोटात. हायलंड्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडल्या डोंगराळ भागाच्या, गेलिक भाषेत अशा टेकडीला ‘शीहन’ म्हणतात आणि हे नाव नकाशावर ठिकठिकाणी सापडतं. पर्थशरमधल्या शीहॅलियन पर्वताच्या नावातही तेच आहे: कॅलिडोनियन, म्हणजे इथल्या प्राचीन, लोकांची फेअरी-टेकडी. याच पर्वतावर 1774 मध्ये नेव्हिल मॅस्केलिन या खगोलशास्त्रज्ञाने लंबकाची दोरी पर्वताकडे किती झुकते हे मोजलं, आणि त्यावरून पुढे पृथ्वीची घनता काढली गेली.

इनव्हरनेसच्या टोमनाहुरिच टेकडीची गोष्ट सर्वांत प्रसिद्ध. दोन फिडल (व्हायोलिन) वादकांना एक म्हातारा रात्रभर वाजवायला बोलावतो. टेकडीत दिव्यांचा लखलखाट, नाच, जेवण, सगळी मजा. सकाळी पैसे घेऊन बाहेर येतात तर गाव बदललेलं असतं, कारण आत एक रात्र गेली तोवर बाहेर शंभर वर्षं उलटलेली असतात. (काही जण दोनशे सांगतात.) दोघे चर्चमध्ये जातात, आणि पाद्री देवाचं नाव उच्चारतो त्या क्षणी त्यांची माती होते. 19व्या शतकात याच टेकडीवर शहराची दफनभूमी झाली.

त्यांचं नाव उघडपणे घेत नसत, हे खरं का?

खरं. रात्री आपल्याकडे सापाला ‘लांबडं’ म्हणतात, तीच खबरदारी. ‘चांगले शेजारी’, ‘भली माणसं’, ‘शांततेचे लोक’ अशी गोड नावं चालत. गेलिकमध्ये ‘दून्या शी’ हे नाव रूढ होतं. ते ऐकत असतात आणि त्यांना राग लवकर येतो, असा समज होता.

त्यांच्यातही चांगले-वाईट असे गट होते का?

सखल स्कॉटलंडमध्ये ‘सीली कोर्ट’ आणि ‘अनसीली कोर्ट’ अशी विभागणी सांगतात. पहिले बऱ्यापैकी भले, दुसरे उपद्रवी. पण ही चौकट फार घट्ट धरू नये. भले म्हणवणारेही अपमान झाला तर गुरं मारत. हायलंड्समध्ये ‘स्लूआ’ नावाची फौज रात्री हवेतून जाते, वाटेत सापडलेल्या माणसाला उचलून मैलोन्मैल नेते आणि भलत्याच ठिकाणी टाकून देते, असं सांगत. ही फौज मेलेल्यांची आहे असंही अनेक जण म्हणत.

मग फेअरी म्हणजे नेमके कोण? भुतं, देवदूत, की जुनी एखादी जमात?

लोकांनी दिलेली उत्तरं एकापेक्षा जास्त आहेत. हायलंड्समध्ये सर्रास सांगितलं जाई ते असं: सैतानाने स्वर्गात बंड केलं तेव्हा काही देवदूत त्याच्यामागे निघाले, आणि मध्येच स्वर्गाचं व नरकाचं, दोन्हीकडचं दार बंद झालं. जे अधांतरी राहिले ते डोंगरकपारीत पडले, तेच हे. 19व्या शतकाच्या शेवटी डेव्हिड मॅकरिची यांनी वेगळीच कल्पना मांडली, की फेअरी म्हणजे जमिनीखालच्या घरांत राहणाऱ्या एका जुन्या बुटक्या जमातीची धूसर आठवण असावी. पुरातत्त्वाने तिला आधार दिला नाही.

माझ्या मते सर्वांत बळकट धागा मेलेल्यांचा आहे, पण सगळ्या मेलेल्यांचा नव्हे. लढाईत पडलेले, बाळंतपणात गेलेल्या बाया, बाप्तिस्म्याआधी दगावलेली मुलं, घरातून निघाले ते परतलेच नाहीत असे लोक, म्हणजे ज्यांचं जाणं कुणाच्या गळी उतरत नाही, ते या टेकड्यांत दिसतात. स्कॉटलंडमध्ये 1560 मध्ये धर्मसुधारणा झाली आणि मृतांसाठी प्रार्थना, आत्म्यांचं मधलं शुद्धिस्थान हे सगळं चर्चने रद्द केलं. उरले फक्त स्वर्ग आणि नरक. तिसरी जागा लोकांनी टेकडीत शिल्लक ठेवली, असं जुने खटले वाचताना पुन:पुन्हा वाटतं. ते खटले पुढे येतीलच.

रोजच्या जगण्यात या श्रद्धेचा काय संबंध होता?

गुरं, दूध आणि लेकरं. या तीन गोष्टींवर घर चालायचं, आणि याच तिन्हींवर फेअरींचा डोळा असतो असं मानलं जायचं.

गाय अचानक आडवी झाली, तिच्या अंगावर जखम दिसत नसली, तर तिला ‘एल्फ-शॉट’ झाला, म्हणजे एल्फचा (फेअरींचंच हे दुसरं नाव) अदृश्य बाण लागला, असं म्हणत. पुरावा म्हणून बाणही सापडत. शेत नांगरताना गारगोटीची छोटी, सुबक टोकं वर येत. ती प्रत्यक्षात नवाश्मयुगातल्या आणि कांस्ययुगातल्या माणसांनी घडवलेली बाणांची अग्रं होती. पण ज्याला नवाश्मयुग माहीतच नाही, त्याने एवढी नाजूक कारागिरी कुणाची समजायची? मग ती टोकं चांदीत मढवून ताईत म्हणून गळ्यात घालत, किंवा पाण्यात बुडवून ते पाणी आजारी गुराला पाजत. ज्याने मारलं तेच औषध.

लेकरांची बाब जास्त दुखरी आहे. फेअरी नुकतं जन्मलेलं, बाप्तिस्मा न झालेलं बाळ पळवतात आणि त्याच्या जागी आपलं किरकिरं, सुकलेलं, कधीही न वाढणारं मूल ठेवतात, अशी समजूत होती. त्याला ‘चेंजलिंग’ म्हणत. दूध पाजायला म्हणून बाळंतिणीलाही नेतात, असंही मानत. कथांमध्ये हे प्रकरण मजेशीर असतं: अंड्याच्या टरफलात काहीतरी शिजवायला ठेवलं की पाळण्यातलं ‘बाळ’ थक्क होऊन म्हाताऱ्याच्या आवाजात बोलतं आणि पकडलं जातं. प्रत्यक्षात मात्र अशा मुलाला रात्रभर समुद्रकिनारी किंवा टेकडीपाशी ठेवण्याचे उपाय सांगितले जात, म्हणजे फेअरी येऊन आपलं मूल घेऊन जातील. ती मुलं बहुधा जन्मजात आजारी किंवा अपंग असत. या लोकश्रद्धेबद्दल हळवं होऊन लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हा भाग गाळू नये.

संरक्षणाचे उपाय कोणते होते?

पहिला मान लोखंडाचा. टेकडीचं दार उघडं दिसलं तर उंबऱ्यात सुरी खोचून आत जावं, म्हणजे दार बंद होत नाही. बाळंतिणीच्या खाटेत लोखंडी खिळा किंवा बायबल ठेवत, नवऱ्याचा कपडा अंगावर टाकत. रोवनच्या झाडाची फांदी लाल दोऱ्याने बांधून गोठ्याच्या दारावर लावत. हिरवा रंग फेअरींचा, म्हणून अनेक जण तो टाळत. टेकडीत गेलात तर तिथलं काही खायचं-प्यायचं नाही, हा नियम जवळपास सगळ्या कथांत आहे. हॅलोवीन (31 ऑक्टोबर) आणि 1 मे या दोन तिथींना जास्त सांभाळायचं, कारण तेव्हा त्यांची ये-जा वाढते.

ब्राउनी हा काय प्रकार?

घरकाम करणारा केसाळ, फाटका गडी. रात्री येऊन धान्य झोडपतो, घर झाडतो, सकाळी दिसत नाही. त्याच्यासाठी साय किंवा लापशी ठेवायची, पण ‘मजुरी’ म्हणायचं नाही. नवे कपडे दिलेत तर तो रुसून कायमचा निघून जातो. कपड्यांनी त्याला एवढं का लागतं, यावर सांगणाऱ्यांचंच एकमत नाही.

टॉमस द रायमर खरा होता का?

टॉमस हा माणूस खरा. 13व्या शतकात इंग्लंडच्या सीमेकडल्या भागातल्या अर्सिलडूनला, म्हणजे आजच्या अर्ल्स्टनला, तो राहत होता आणि भविष्य सांगणारा कवी म्हणून त्याचं नाव झालं. पोवाड्यात सांगतात ती गोष्ट पुढची: एल्डन टेकड्यांजवळ झाडाखाली पहुडलेला असताना पांढऱ्या घोड्यावरून एल्फलंडची राणी आली, त्याने तिचं चुंबन घेतलं आणि सात वर्षं तिच्या राज्यात चाकरी केली. परत येताना तिने त्याला खोटं न बोलणारी जीभ दिली. ही जीभ बाजारात आणि दरबारात अडचणीचीच ठरेल, अशी कुरकुर टॉमस करतो. वॉल्टर स्कॉटने 1802 मध्ये आपल्या पोवाडासंग्रहात ही गोष्ट छापली आणि ती सर्वदूर गेली.

दुसरा मोठा पोवाडा टॅम लिनचा, सेलकर्कजवळच्या कार्टरहॉ इथला. फेअरींच्या तावडीत सापडलेल्या प्रियकराला जॅनेट हॅलोवीनच्या रात्री घोड्यावरून खाली ओढते आणि तो साप, हिंस्र जनावर, तापलं लोखंड अशी रूपं बदलत असताना घट्ट धरून ठेवते. त्याला सुटकेची घाई असते, कारण फेअरींना दर सात वर्षांनी नरकाला एक खंडणी द्यावी लागते आणि या खेपेला आपला नंबर लागेल ही त्याची भीती. ही खंडणी निव्वळ कवीची करामत वाटेल, पण 1588 च्या एका खटल्याच्या कागदांतही ती आहे.

जाता जाता: मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन हे लॉडरचे. लॉडर आणि टॉमसचं अर्ल्स्टन ही दोन्ही गावं एकाच लीडर नदीकाठची.

फेअरींशी संबंध ठेवल्याबद्दल खरंच माणसं जाळली गेली?

हो. स्कॉटलंडचा चेटूकविरोधी कायदा 1563 ते 1736 पर्यंत लागू होता आणि त्या काळात सुमारे 3,800 लोकांवर आरोप झाले. फेअरींचा उल्लेख त्यातल्या थोड्याच खटल्यांत आहे, पण जिथे आहे तिथे गावकऱ्यांची समजूत चर्चच्या ग्रंथांपेक्षा किती निराळी होती ते दिसतं.

एअरशरमधल्या डॅल्री भागातली बेसी डनलॉप घ्या. 1576 मध्ये तिच्यावर खटला झाला. तिने सांगितलं ते असं: नवरा आणि मूल आजारी, गाय मेलेली, ती स्वतः नुकतीच बाळंतपणातून उठलेली. रडत गुरं हाकत असताना करड्या कोटातला, पांढरी काठी घेतलेला एक दाढीवाला म्हातारा भेटला. टॉम रीड त्याचं नाव. आपण पिंकीच्या लढाईत मेलो, असं त्याने सांगितलं. ती लढाई 1547 ची, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांपूर्वीची. मूल जाईल, नवरा वाचेल, असं तो म्हणाला आणि कुंपणाच्या भिंतीतल्या, माणूस मावणार नाही अशा भोकातून निघून गेला. पुढे तो तिला औषधं सांगू लागला, हरवलेल्या-चोरलेल्या वस्तूंचा पत्ता देऊ लागला. एकदा त्याने आठ बायका आणि चार पुरुष आणले. हे एलफेमच्या, म्हणजे फेअरींच्या राज्याच्या, दरबारातले लोक, आमच्याबरोबर चल, असा आग्रह धरला. तिने नवरा आणि मुलं सोडून जायला नकार दिला.

मला सर्वांत जिवंत वाटतो तो राणीचा प्रसंग. बेसी बाळंतपणाच्या खाटेवर असताना एक धिप्पाड बाई घरात आली, बाकावर बसली आणि प्यायला मागितलं. बेसीने दिलं. ती एलफेमची राणी होती, हे टॉमने तिला नंतर सांगितलं. मुकुट नाही, तेजोवलय नाही. शेजारची बाई टेकावी तशी राणी टेकते. न्यायालयाला या साधेपणाचं काही वाटलं नाही. नोंदीच्या समासात दोन शब्द आहेत: दोषी, जाळली.

1588 मध्ये फाइफच्या ॲलिसन पिअरसनलाही हेच भोगावं लागलं. फेअरींकडून शिकलेल्या औषधांवर तिने सेंट अँड्रूजचे आर्चबिशप पॅट्रिक ॲडमसन यांच्यावर उपचार केले होते, उकडलेली कोंबडी आणि क्लॅरेट वाइन धरून. खंडणीचा उल्लेख तिच्याच जबानीतला. ॲबर्डीनचा म्हातारा अँड्रो मॅन 1598 मध्ये मारला गेला. राणीच्या मंडळींत आपण मेलेले लोक पाहिले, असं तो म्हणाला: फ्लॉडनच्या लढाईत (1513) पडलेला राजा चौथा जेम्स, आणि टॉमस द रायमर. मघाशी मेलेल्यांचा धागा म्हटलं तो हा.

सहाव्या जेम्स राजाने 1597 मध्ये ‘डीमनॉलजी’ हा ग्रंथ छापला आणि फेअरींचा दरबार हा सैतानाने दाखवलेला भास असल्याचं ठरवून टाकलं. त्यानंतर आरोपीने ‘शेजारी’ म्हणावं आणि चौकशी करणाऱ्यांनी ‘सैतान’ लिहावं, असं होत गेलं. 1662 मध्ये ऑल्डर्नच्या इझोबेल गाउडीने चार कबुलीजबाब दिले, त्यांत तर दोन्हींची सरमिसळ झाली आहे. टेकडीत राणीने तिला पोटभर मांस वाढलं, दारातल्या एल्फ-बैलांच्या डरकाळ्यांनी ती घाबरली. आणि एल्फ-शॉटचे बाण सैतान स्वतः घडवतो, एल्फ-पोरं त्यांना धार लावतात, असंही तीच सांगते.

फेअरींनी पळवलेला पाद्री ही काय भानगड?

ॲबरफॉइलचे रॉबर्ट कर्क (1644–1692). सातवा मुलगा, गेलिकचे मोठे पंडित. स्तोत्रांचं गेलिक पद्यरूप त्यांनी 1684 मध्ये छापलं आणि हायलंड्ससाठी बायबल छापून घ्यायला ते लंडनला राहिले. लंडनमधल्या विद्वानांना तेव्हा हायलंड्सच्या ‘दुसऱ्या दृष्टी’बद्दल, म्हणजे काही माणसांना न घडलेलं आधी दिसतं या समजुतीबद्दल, मोठं कुतूहल होतं. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनीही त्याची चौकशी केली होती.

कर्क यांनी 1691 च्या सुमारास ‘द सीक्रेट कॉमनवेल्थ’ लिहिलं. त्याचा सूर भोळ्या भक्ताचा नाही, तपशील टिपणाऱ्या माणसाचा आहे. फेअरींचं शरीर घट्ट झालेल्या ढगासारखं, संधिप्रकाशात नीट दिसणारं. दर तिमाहीला ते बिऱ्हाड हलवतात. त्या दिवसांत दुसरी दृष्टी असलेले लोक प्रवास टाळतात. आणि म्हणून तिमाहीच्या पहिल्या रविवारी हे लोक आपल्या पिकाच्या, गुरांच्या रक्षणासाठी चर्चला हमखास येतात, मग पुढच्या तिमाहीपर्यंत तोंड दाखवत नाहीत, अशी पाद्र्याला शोभणारी तक्रारही आहे. कर्क यांचा हेतू धार्मिकच होता. आत्मे आहेत हे सिद्ध झालं की नास्तिकांचं तोंड बंद होईल, असा त्यांचा हिशोब.

14 मे 1692 ला घराजवळच्या डून हिलवर फिरताना ते कोसळले आणि गेले. वय पन्नाशीच्या आत. गावाने वेगळंच ठरवलं: गुपितं फोडली म्हणून टेकडीने त्यांना आत घेतलं. पुढे अशी कथा जोडली गेली की कर्क एका नातेवाइकाला दिसले आणि म्हणाले, माझ्या होणाऱ्या बाळाच्या बाप्तिस्म्याला मी दिसेन, तेव्हा डखरीच्या ग्रेअमने माझ्या डोक्यावरून सुरी फेकावी, म्हणजे मी सुटेन. कर्क दिसले. ग्रेअम इतका हबकला की त्याच्याकडून सुरी फेकलीच गेली नाही. ग्रंथ छापला गेला थेट 1815 मध्ये.

स्काय बेटावरचा ‘फेअरी फ्लॅग’ काय आहे?

डनव्हेगन किल्ल्यात मॅकलाउड घराण्याकडे असलेलं जीर्ण, ठिगळ लावलेलं रेशमी कापड. संकटात फडकवलं तर घराण्याला मदत मिळते, पण तीनदाच, आणि दोनदा वापरून झालंय, असं सांगतात. 20व्या शतकाच्या सुरुवातीला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या तज्ज्ञाने ते तपासलं आणि रेशीम सीरिया किंवा ऱ्होड्सकडचं असावं असं मत दिलं. त्यावर घराण्याचे प्रमुख म्हणाले म्हणे, की तुमचा तसा समज असेल, पण मला माहीत आहे की ते फेअरींनी दिलं.

सगळ्या स्कॉटलंडमध्ये एकच कल्पना होती का?

नाही. ऑर्कनी आणि शेटलंड बेटं 15व्या शतकापर्यंत नॉर्स (स्कँडिनेव्हियन) राजसत्तेखाली होती. तिथे ‘ट्राउ’ आहेत, आणि ते नॉर्स कथांतल्या ट्रोल राक्षसांचे भाऊबंद. त्यांनाही फिडलचा भारी नाद. त्यांच्याकडून ऐकून उतरवलेल्या म्हणून काही चाली शेटलंडमध्ये अजून वाजतात.

ही श्रद्धा संपली कधी?

जो तो ‘माझ्या आजोबांच्या वेळी होते, आता गेले’ असं सांगतो, आणि हे प्रत्येक पिढीने सांगितलं आहे. क्रॉमार्टीचे पाथरवट-भूवैज्ञानिक ह्यू मिलर यांनी 1841 मध्ये अशा निरोपाची कथा छापली. रविवारी सकाळी गाव चर्चला गेलेलं असताना ईथी ओढ्यापाशी एका गुराखी पोराला आणि त्याच्या बहिणीला बुटक्या, केसाळ घोड्यांवरून चाललेली जुनाट वेशातली मंडळी दिसते. शेवटच्या स्वाराला पोरगा विचारतो, तू कोण आणि चाललास कुठे? तो म्हणतो, आम्ही आदमच्या वंशातले नाही. शांततेचे लोक यापुढे स्कॉटलंडमध्ये दिसणार नाहीत.

तरी त्यानंतर विसेक वर्षांनी आयला बेटाचे जॉन फ्रान्सिस कॅम्बेल यांनी पश्चिम हायलंड्समधून चार खंड भरतील इतक्या कथा गोळा केल्या, आणि टायरी बेटाचे पाद्री जॉन ग्रेगरसन कॅम्बेल शेतकऱ्यांकडून फेअरींच्या हकिकती लिहून घेत राहिले. एडिंबरा विद्यापीठात 1951 मध्ये स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं. कॅलम मॅक्लेन, हॅमिश हेंडरसन ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन बेटांवर आणि भटक्या ट्रॅव्हलर समाजाच्या तंबूंत गेले, तर तिथेही फेअरींच्या गोष्टी होत्याच. त्यातली बरीच मुद्रणं ‘टोबर अन डुअल्चाइस’ या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. श्रद्धा ओसरायला शाळा, गावं उठवून लावणारे जमीनदार, स्थलांतर, वीज, आणि गेलिकचा ऱ्हास अशी अनेक कारणं मिळून लागली.

आज काय उरलंय?

पर्यटन पुष्कळ. फॉलकर्कजवळ केल्पी या पाण्यातल्या घोड्यांची 30 मीटर उंच पोलादी शिल्पं 2013 पासून उभी आहेत. डून हिलच्या माथ्यावरच्या पाइनला आणि ब्लॅक आइलमधल्या मनलोकीच्या झऱ्यापाशी लोक चिंध्या बांधतात. मूळ समजूत अशी की चिंधी कुजेल तसा आजार ओसरेल. आता लोक नायलॉन बांधतात, ते कुजत नाही, आणि झाडं मात्र त्रासतात.

सगळंच पर्यटनापुरतं नाही. 2005 मध्ये पर्थशरच्या सेंट फिलन्स गावात घरं बांधताना एक मोठा दगड हलवायला गावकऱ्यांनी विरोध केला, कारण त्याखाली फेअरी राहतात. बिल्डरने शेवटी आराखडा बदलला. तिकडे स्कायच्या फेअरी ग्लेनमध्ये मात्र पाहुण्यांनी रचलेली दगडांची चक्रं जुनी समजून इतर पाहुणे त्यात नाणी टाकतात, आणि स्थानिक लोक अधूनमधून ते दगड उचलून मूळ जागी नेऊन ठेवतात.